संकेतांचा दुभाषी

प्रस्तावना

भिन्न भाषा बोलणाऱ्या दोन माणसांना एकमेकांशी व्यवहार करायचा असेल, तर त्यांच्यामध्ये दुभाषी लागतो. यंत्रांच्या जगातही असा प्रसंग येतो. दोन विद्युत उपकरणे तारेने जोडली, म्हणजे त्यांचा संवाद सुरू झाला असे होत नाही. कधी बोलणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याला सोसत नाही, तर कधी तो त्याला पुरेसा ऐकूच जात नाही. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या असंख्य लोकांना ही अडचण येते आणि तिच्यावरचे उपाय स्वस्त व सोपे आहेत. प्रस्तुत माहितीपर लेखात या अडचणीचे कारण आणि तिच्यावरचे उपाय समजावून सांगितले आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• विद्युत संकेताची पातळी म्हणजे काय, हे सांगू शकाल;
• ‘सोसणे’ आणि ‘समजणे’ या दोन वेगळ्या कसोट्या स्पष्ट करू शकाल;
• पातळी बदलण्याच्या तीन पद्धतींची तुलना करू शकाल;
• माहितीपर लेखातील युक्तिवादाचा क्रम ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. एस. पी. रोडवरची खरेदी

बंगळुरूच्या जुन्या पेठेत, टाउन हॉलपासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, सदर पत्रप्पा रस्ता आहे. शहरातील लोक त्याला एस. पी. रोड म्हणतात. संगणकाचे सुटे भाग, तारा, मोटारी, विद्युतघट आणि इलेक्ट्रॉनिक्सचे बारीकसारीक घटक यांची दुकाने या रस्त्यावर आणि आसपासच्या बोळांत दाटीवाटीने उभी आहेत. भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सार्वजनिक उद्योग १९५४ साली बंगळुरूत स्थापन झाला. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने येथे आपले केंद्र उघडले. अशा अनेक उद्योगांमुळे हे शहर इलेक्ट्रॉनिक्ससाठी देशभर ओळखले जाऊ लागले. कारखान्यांची आणि प्रयोगशाळांची दारे सर्वांना खुली नसतात; एस. पी. रोडवर मात्र कोणीही जाऊ शकतो. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, दुरुस्तीची कामे करणारे कारागीर आणि शाळा सुटूनही शिकण्याची ओढ न सुटलेली माणसे येथे एकाच गिऱ्हाइकीत उभी असतात.

या शहरात घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी हा जिव्हाळ्याचा विषय आहे. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून पंपांनी चढवून शहरात आणावे लागते. २०२३ साली पाऊस अपुरा पडला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरूने तीव्र पाणीटंचाई अनुभवली. टाकीत किती पाणी उरले आहे, हे गच्चीवर न चढता कळावे, टाकी भरून वाहू नये, अशी इच्छा प्रत्येक घरात असते. म्हणूनच टाकीतील पातळी दाखवणारे यंत्र हा नवशिक्यांचा आवडता प्रयोग झाला आहे.

समजा, एखाद्या कारागिराने असे यंत्र बनवायचे ठरवले. त्यासाठी तो दोन वस्तू विकत घेतो. पहिली म्हणजे एचसी-एसआर ०४ नावाचा संवेदक. तो माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि पाण्यावर आपटून परतणारा प्रतिध्वनी टिपतो. पाण्याचा पृष्ठभाग एक मीटर दूर असेल, तर ध्वनीला जाऊन येण्यास सुमारे ५.८ मिलिसेकंद लागतात. तेवढाच वेळ संवेदक आपल्या ‘एको’ या पिनेवर विद्युतदाब चढा ठेवतो. दुसरी वस्तू म्हणजे ईएसपी ३२ हा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपेत सामावलेला छोटा संगणक. तो हा वेळ मोजतो, त्यावरून पाण्याची पातळी काढतो आणि बिनतारी मार्गाने घरातील मोबाइलवर पाठवतो.

कारागीर दोन्ही वस्तू तारेने जोडतो. यंत्र चालू लागते आणि मोबाइलवर आकडा दिसतो. परंतु काही दिवसांनी, कधी काही तासांतच, आकडे वेडेवाकडे येऊ लागतात. अखेरीस ती पिन काम करेनाशी होते. बोर्ड बिघडलेला निघाला असे समजून तो नवा आणतो आणि त्याचीही तीच गत होते. दोष बोर्डात नसतो, तसा संवेदकातही नसतो. तो असतो त्या दोघांना जोडणाऱ्या तारेत.

२. शून्य, एक आणि पातळी

अंकीय यंत्रे केवळ दोन अक्षरांत बोलतात – शून्य आणि एक. तारेतून जाताना ही अक्षरे विद्युतदाबाच्या रूपाने जातात. दाब शून्याच्या जवळ असेल तर ‘शून्य’, आणि ठरावीक उंचीपर्यंत चढलेला असेल तर ‘एक’ असा अर्थ घेतला जातो. या उंचीला संकेताची पातळी म्हणतात. ‘एक’ म्हणजे किती व्होल्ट, हे मात्र सर्व यंत्रांत सारखे नसते.

एचसी-एसआर ०४ हा संवेदक ५ व्होल्टांवर चालतो. म्हणून त्याचा ‘एक’ हा सुमारे ५ व्होल्टांचा असतो. ईएसपी ३२ ही चिप ३.३ व्होल्टांवर चालते आणि तिच्या पिनेने पुरवठ्यापेक्षा फार तर ०.३ व्होल्ट अधिक दाब सोसावा, अशी तिची मर्यादा आहे. म्हणजेच सुमारे ३.६ व्होल्ट ही तिची सहनसीमा होय. त्यापुढे काय घडते? बहुतेक चिपांत प्रत्येक पिनेपासून पुरवठ्याकडे जाणारी संरक्षक वाट ठेवलेली असते. स्थिर विजेचा क्षणिक झटका त्या वाटेने निघून जावा, एवढाच तिचा हेतू असतो. त्या वाटेवर ५ व्होल्टांचा संकेत पुन्हा पुन्हा लादला, तर जी धारा क्षणभर वाहायची ती सतत वाहू लागते. चिप लगेच जळतेच असे नाही. ती काही काळ निमूटपणे सोसते, आणि याच कारणाने नवशिक्याला आपली जोडणी बरोबर आहे असा भ्रम होतो.

३. दोन पातळ्या कोठून आल्या?

एवढा गोंधळ टाळून सर्वांनी एकच पातळी का ठरवली नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

१९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ७४०० या क्रमांकाने सुरू होणारी चिपांची मालिका बाजारात आणली. या चिपा ५ व्होल्टांवर चालत. त्या जगभर इतक्या वापरल्या गेल्या, की ५ व्होल्ट हा अंकीय इलेक्ट्रॉनिक्सचा जणू अलिखित कायदा झाला. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली विद्यार्थ्यांसाठी जन्मलेल्या आर्डुइनो या बोर्डाने हीच परंपरा पुढे नेली. त्याचा २०१० साली आलेला ‘उनो’ हा प्रसिद्ध बोर्ड ५ व्होल्टांवरच चालतो.

दरम्यान चिपांच्या आतील घटक लहान लहान होत गेले. घटक जितका लहान, तितका त्यातील विद्युतरोधी थर पातळ. आणि थर जितका पातळ, तितका तो कमी दाब सोसतो. दुसरे कारण ऊर्जेच्या बचतीचे होते. अशा चिपेला लागणारी शक्ती ढोबळमानाने दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ५ चा वर्ग २५, तर ३.३ चा वर्ग सुमारे १०.९. म्हणजे दाब ५ वरून ३.३ व्होल्टांवर आणला, की तेच काम तेवढ्याच वेगाने सुमारे ४४ टक्के शक्तीत होते. विद्युतघटावर चालणाऱ्या उपकरणाला याहून मोठा लाभ कोणता? त्यामुळे २०१२ साली ब्रिटनमध्ये निघालेला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, २०१६ साली आलेली ईएसपी ३२ ही चिप आणि बहुतेक नवे संवेदक यांनी ३.३ व्होल्टांची पातळी स्वीकारली.

जुनी उपकरणे मात्र नाहीशी झाली नाहीत. ती स्वस्त, मजबूत आणि सर्वांच्या परिचयाची आहेत. म्हणून दुकानातील एकाच खणात दोन पिढ्यांच्या वस्तू शेजारी शेजारी पडलेल्या दिसतात. त्यांतील एक पिढी चुकीची आणि दुसरी बरोबर असे नाही. त्यांना एकत्र आणणाऱ्याला दोघींचीही रीत ठाऊक असली पाहिजे, एवढेच.

पाठगत प्रश्न १
(अ) संकेताची पातळी म्हणजे काय?
(आ) चुकीच्या जोडणीनंतरही यंत्र काही काळ का चालते?
(इ) नव्या चिपांनी कमी दाब स्वीकारण्याची दोन कारणे कोणती?

४. रोहित्र येथे का चालत नाही?

दाब कमी-अधिक करणे हे बंगळुरूला नवे नाही. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ साली सुरू झालेल्या वीजकेंद्रातून प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज मिळाली, आणि १९०५ साली बंगळुरूचे रस्ते विजेच्या दिव्यांनी उजळले. दूरवरून उच्च दाबाने येणारी वीज शहरात रोहित्रांच्या साहाय्याने कमी दाबाची केली जाते. मग संकेतासाठीही एक चिमुकले रोहित्र का लावू नये?

कारण रोहित्राला बदलती धारा लागते. संकेत मात्र काही क्षण किंवा काही तासही एकाच पातळीवर स्थिर राहू शकतो आणि स्थिर दाब रोहित्रातून पलीकडे जात नाही. शिवाय दोघांचे काम भिन्न आहे. रोहित्र शक्ती पोचवते. संकेताला केवळ अर्थ पोचवायचा असतो. हा भेद नवशिक्यांनी नीट लक्षात ठेवावा. बोर्डाला ३.३ व्होल्टांचा योग्य पुरवठा दिला, म्हणून त्याच्या पिनेवर येणारा संकेतही ३.३ व्होल्टांचा होत नाही. पुरवठा ही एक गोष्ट आणि संकेत ही दुसरी.

५. दोन कसोट्या : सोसणे आणि समजणे

दोन उपकरणे जोडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न सोसण्याचा : बोलणाऱ्याची ‘एक’ ही पातळी ऐकणाऱ्याच्या सहनसीमेच्या आत आहे का? दुसरा प्रश्न समजण्याचा : ती पातळी ऐकणाऱ्याने ‘एक’ म्हणून ओळखावी इतकी उंच आहे का? पुष्कळ लोक पहिलाच प्रश्न विचारतात, कारण त्यात जळण्याचे भय असते. दुसऱ्या प्रश्नाच्या चुकीने काही जळत नाही. यंत्र लहरी वागते आणि दोष सापडत नाही.

टाकीच्या प्रयोगात ५ व्होल्टांचा संवेदक ३.३ व्होल्टांच्या चिपेशी बोलतो. तेथे प्रश्न सोसण्याचा आहे. याच्या उलट उदाहरण दिवाळीच्या आकाशकंदिलात सापडते. डब्ल्यूएस २८१२ या प्रकारच्या रंगीत दिव्यांची माळ आता अनेक जण कंदिलात बसवतात. या माळेतील प्रत्येक दिव्याला वेगळा रंग सांगता येतो. माळ ५ व्होल्टांवर चालत असेल, तर पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट दाब आला तरच ती तो निश्चितपणे ‘एक’ समजते. ईएसपी ३२ चा ‘एक’ असतो ३.३ व्होल्टांचा. उणीव अवघ्या ०.२ व्होल्टांची, पण तिच्यामुळे माळ कधी बरोबर उजळते, कधी भलतेच रंग दाखवते, कधी लुकलुकत राहते. कार्यक्रम लिहिणारा आपल्या कार्यक्रमातील चूक शोधत रात्र घालवतो.

आर्डुइनो उनोवरील चिप या बाबतीत थोडी उदार आहे. ५ व्होल्टांच्या पुरवठ्यावर ती ३ व्होल्टांपासून पुढचा दाब ‘एक’ मानते. त्यामुळे ३.३ व्होल्टांचा संकेत तिला कळतो. तरी हाताशी उरणारे अंतर केवळ ०.३ व्होल्टांचे आहे. तार लांब असली किंवा शेजारी मोटार चालू असली, तर ते पुसले जाऊ शकते.

६. पहिला उपाय : दोन रोधक

सोसण्याचा प्रश्न सोडवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे दोन रोधकांची जोडी. रोधकाला दुकानात रेझिस्टर म्हणतात आणि त्याची किंमत अगदी किरकोळ असते. संवेदकाच्या ‘एको’ पिनेपासून १ किलोओहमचा रोधक घ्यावा, त्याच्या पुढे २ किलोओहमचा रोधक जोडून दुसरे टोक ग्राउंडला, म्हणजे शून्य दाबाच्या सामाईक तारेला लावावे. दोन रोधक जेथे मिळतात, तेथून निघालेली तार मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला जाते.

यात घडते ते असे. एकूण रोध ३ किलोओहम आहे आणि ५ व्होल्टांचा उतार या तीन भागांवर समान वाटला जातो. वरच्या एका भागावर सुमारे १.६७ व्होल्ट उतरतात आणि खालच्या दोन भागांवर सुमारे ३.३३ व्होल्ट शिल्लक राहतात. तेवढाच दाब चिपेपर्यंत पोचतो. पायऱ्या उतरत येणारा माणूस शेवटच्या पायरीपूर्वी थांबावा, तसे हे आहे. या जोडणीतून वाहणारी धारा २ मिलिअँपिअरपेक्षाही कमी असते.

या उपायाला मर्यादा आहेत. तो फक्त दाब उतरवू शकतो, चढवू शकत नाही. तो एकाच दिशेने चालतो. फार वेगवान संकेत त्यातून जाताना त्यांच्या कडा बोथट होतात, कारण तार आणि पिन यांना भरण्यास लागणारी धारा रोधकांतून सावकाश येते. टाकीतील पाणी मोजण्यास मात्र हा उपाय पूर्णपणे पुरेसा आहे. एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ही जोडी संकेतासाठीच वापरावी. तिच्यातून एखाद्या बोर्डाला पुरवठा देण्याचा प्रयत्न करू नये. बोर्डाची मागणी बदलताच दाब कोसळतो.

७. दुसरा उपाय : मध्यस्थ चिप

कंदिलाच्या माळेला उतार नको, चढ हवा असतो. त्यासाठी ७४एचसीटी१२५ सारखी चिप वापरतात. तिचे वैशिष्ट्य असे, की तिला पुरवठा ५ व्होल्टांचा असला, तरी ती २ व्होल्टांपासूनच ‘एक’ ओळखते. १९६० च्या दशकातील चिपांशी जुळावे म्हणून ठरवलेली ही सीमा आज नव्या चिपांच्या उपयोगी पडते. ती ३.३ व्होल्टांचा संकेत सहज समजून घेते आणि तोच अर्थ ५ व्होल्टांच्या पातळीवर ठामपणे पुढे सांगते. चांगला दुभाषी हळू आवाजातील वाक्य ऐकून तेच खणखणीत शब्दांत सांगतो, तसेच हे काम आहे. ही चिप वेगवान आहे. तीही एकाच दिशेने बोलते.

८. तिसरा उपाय : दोन्ही दिशांचा दुभाषी

काही तारांवर दोन्ही उपकरणे आळीपाळीने बोलतात. फिलिप्स कंपनीने १९८२ साली तयार केलेली आय-टू-सी ही पद्धत याचे उत्तम उदाहरण आहे. तापमापक, घड्याळ, छोटा पडदा अशी अनेक उपकरणे या पद्धतीत दोनच संकेततारांवर बोलतात. येथे एकमार्गी उपाय निरुपयोगी ठरतो. त्यासाठी मॉसफेट या प्रकारचा एक ट्रान्झिस्टर आणि दोन रोधक पुरतात. बीएसएस १३८ हा ट्रान्झिस्टर या कामी विशेष प्रसिद्ध आहे.

मॉसफेटला तीन पाय असतात – गेट, सोर्स आणि ड्रेन. गेट ३.३ व्होल्टांच्या पुरवठ्याला, सोर्स ३.३ व्होल्टांच्या संकेततारेला आणि ड्रेन ५ व्होल्टांच्या संकेततारेला जोडतात. दोन्ही तारा १० किलोओहमच्या एकेका रोधकाने आपापल्या पुरवठ्याकडे ओढून धरलेल्या असतात. कोणीच बोलत नसताना गेट आणि सोर्स यांचा दाब सारखाच असतो. त्यामुळे मॉसफेटचे दार बंद राहते आणि प्रत्येक तार आपापल्या उंचीवर राहते.

आता ३.३ व्होल्टांच्या बाजूने ‘शून्य’ म्हटले, तर सोर्सचा दाब खाली येतो. गेट त्याहून ३.३ व्होल्टांनी वर राहतो, दार उघडते आणि ५ व्होल्टांची तारही शून्यावर येते. ५ व्होल्टांच्या बाजूने ‘शून्य’ म्हटले, तर मॉसफेटच्या अंगातच असलेल्या एकमार्गी वाटेने सोर्सचा दाब आधी सुमारे ०.७ व्होल्टांपर्यंत उतरतो. तेवढ्याने दार उघडते आणि दोन्ही तारा शून्यावर येतात. अशा रीतीने एकच घटक दोन्ही दिशांचे भाषांतर करतो, आणि त्याला कोण बोलत आहे हे सांगावेही लागत नाही. असे चार मॉसफेट बसवलेली तयार पट्टी दुकानात ‘लेव्हल शिफ्टर’ या नावाने मिळते. तिच्या एका बाजूला एचव्ही म्हणजे उच्च दाब आणि दुसऱ्या बाजूला एलव्ही म्हणजे कमी दाब अशी अक्षरे असतात. त्या बाजूंची अदलाबदल होऊ देऊ नये. रोधकांनी तार वर खेचली जात असल्यामुळे ही पट्टी सावकाश संकेतांसाठी योग्य आहे. रंगीत माळेच्या वेगवान संकेतांसाठी मागे सांगितलेली चिपच अधिक भरवशाची.

९. समान जमीन

यांपैकी कोणताही उपाय योजला, तरी एक तार विसरून चालत नाही. दोन्ही उपकरणांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले असले पाहिजे. व्होल्ट हे नेहमी दोन बिंदूंमधील अंतर असते. एका घराचे जोते उंच आणि दुसऱ्याचे सखल असेल, तर ‘दहावी पायरी’ म्हटल्याने दोन्ही ठिकाणची उंची सारखी ठरत नाही. त्याचप्रमाणे शून्य कोठे आहे यावर दोघांचे एकमत नसेल, तर ‘एक’ कोठे आहे यावर ते होऊच शकत नाही. न चालणाऱ्या प्रयोगांत कितीदा तरी ही एक तार जोडायची राहून गेलेली असते.

म्हणून अनुभवी कारागीर नवी वस्तू हाती आली, की तिचे माहितीपत्रक पाहतो. पुरवठा किती, ‘एक’ कितीचा आणि सहनसीमा किती, या तीन नोंदी तो वहीत लिहून ठेवतो. जोडणी झाल्यावर चिपेला तार लावण्याआधी मल्टिमीटरने त्या तारेवरील दाब मोजतो. टाकीच्या यंत्रात पंप आपोआप चालू-बंद करायचा असेल, तर घरगुती २३० व्होल्टांचा भाग तो जाणत्या वीजतंत्रज्ञाकडून करवून घेतो. तेथील चूक बोर्डावर थांबत नाही, ती माणसाच्या जिवावर बेतते.

टाकीवरील त्या यंत्रात दोन रोधक बसवले, की ते बिनतक्रार काम करू लागते. काही शे रुपयांचा बोर्ड वाचतो तो एका मोजमापाने आणि दोन किरकोळ घटकांनी. ज्याचे आधीच एक-दोन बोर्ड जळाले, त्याला अनेकदा वाटते, की इलेक्ट्रॉनिक्स हे शिकलेल्यांचे काम, आपले नव्हे. वस्तुतः त्याला बुद्धी कमी पडलेली नसते. जोडण्यापूर्वी विचारायचे दोन प्रश्न त्याला कोणी सांगितलेले नसतात. पलीकडच्याला हे सोसेल का, आणि पलीकडच्याला हे समजेल का? हे दोन प्रश्न ज्याला ठाऊक झाले, त्याला दुकानातील कोणत्याही खणातील कोणतीही वस्तू परकी राहत नाही.

शब्दार्थ
दुभाषी – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा
संवेदक – ताप, अंतर, प्रकाश इत्यादी जाणून संकेत देणारा घटक
सहनसीमा – सोसण्याची मर्यादा
रोधक – विद्युतधारेला अडथळा करणारा घटक
रोहित्र – बदलत्या धारेचा दाब कमी-अधिक करणारे यंत्र
जोते – घराचा जमिनीवर उचललेला पाया

तुम्ही काय शिकलात
• वेगवेगळ्या उपकरणांत ‘एक’ या संकेताची पातळी वेगवेगळी असते.
• जोडणीपूर्वी सोसणे आणि समजणे या दोन्ही कसोट्या तपासाव्या लागतात.
• दोन रोधक दाब उतरवतात, मध्यस्थ चिप तो चढवते, मॉसफेट दोन्ही दिशांना काम करतो.
• सर्व उपायांत ग्राउंड समान असणे आवश्यक आहे.

स्वाध्याय
१. ‘दुसऱ्या प्रश्नाच्या चुकीने काही जळत नाही’ – हे विधान आकाशकंदिलाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. वरचा रोधक २ किलोओहमचा आणि खालचा १ किलोओहमचा लावला, तर चिपेपर्यंत किती दाब पोचेल? टाकीच्या यंत्रास तो चालेल का?
३. लेखकाने दुभाषी, पायऱ्या आणि घराचे जोते यांची उदाहरणे कशासाठी योजली आहेत? तुमच्या परिसरातील एक नवे उदाहरण द्या.
४. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : चढ, स्थिर, पातळ, परका.
५. ‘जिवावर बेतणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
६. तुमच्या घरातील एखाद्या उपकरणाच्या वापराची माहिती दहा ओळींत क्रमवार लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. (अ) ज्या उंचीपर्यंत दाब चढला असता ‘एक’ असा अर्थ घेतला जातो, ती उंची. (आ) चिपेतील संरक्षक वाट जादा धारा काही काळ सोसते म्हणून. (इ) आतील विद्युतरोधी थर पातळ झाले. तसेच कमी दाबामुळे शक्तीची बचत होते.